मामाच्या गॅरेजातले विमान

अमेरिकेत स्वतःच्या घरी विमान बांधणे हा गुन्हा नाही, आणि फारसा वेडेपणाही समजला जात नाही. तिथल्या विमान-वाहतूक खात्याने अशा विमानांसाठी वेगळा वर्गच ठेवला आहे. नियमाचा गाभा साधा आहे. विमानाच्या कामातला निम्म्याहून मोठा वाटा हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेला असला पाहिजे. बोलताना सगळे याला 'एक्कावन्न टक्क्यांचा नियम' म्हणतात. काम केल्याचा पुरावा म्हणून वही लिहायची, फोटो काढून ठेवायचे. शेवटी तपासनीस येतो, विमान आणि वही दोन्ही बघतो, आणि त्याचे समाधान झाले तर एक गुलाबी कागद देतो. तो कागद हातात आला की विमान उडवायला मोकळीक.

हे मला ठाऊक असण्याचे कारण माझा मामा. त्याने विस्कॉन्सिन राज्यातल्या आपल्या घराच्या गॅरेजात आठ वर्षे खपून एक लाकडी विमान बांधले. मी तिकडे शिकायला आणि मग नोकरीला होते, तेव्हा त्यातली चार वर्षे शनिवार-रविवार त्याच्या हाताखाली काम केले. मामा आपल्या बडोद्याचाच, दांडिया बाजारात वाढलेला आणि कलाभवनात इंजिनिअर झालेला. पहिल्या वर्षाच्या सुतारकामाच्या वर्गात शिकलेला रंधा त्याच्या हाताला आजही बसतो. नोकरी मात्र जन्मभर कॉम्प्युटरवर केली.

त्याने निवडलेल्या विमानाचे नाव पिटनपोल एअर कँपर. बर्नार्ड पिटनपोल हा शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यातला, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला मेकॅनिक. १९२९ मध्ये त्याने लाकूड आणि कापड वापरून दोन माणसांचे विमान केले आणि त्याला फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीचे इंजिन बसवले. ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, म्हणजे आजच्या लहान मोटारींपेक्षाही कमी. मोटारीच्या इंजिनावर विमान उडत नाही असे एका तांत्रिक मासिकाच्या संपादकाचे ठाम मत होते. पिटनपोलने वाद घातला नाही, विमान उडवत नेऊन दाखवले. मग त्याच प्रकाशनाने १९३२ मध्ये त्याचे आराखडे छापले. मंदीचे दिवस होते, तरी खेड्यापाड्यांतल्या पोरांनी धान्याच्या कोठारांत ही विमाने बांधायला घेतली. आज नव्वद वर्षांनंतरही त्याच आराखड्यांवरून ती बांधली जातात. मोटारीच्या इंजिनाचा रेडिएटर वैमानिकाच्या अगदी नाकासमोर उभा राहतो, म्हणून मामाने जुने ६५ अश्वशक्तीचे काँटिनेंटल कंपनीचे विमान-इंजिन घेतले. विमानात बॅटरी नाही, स्टार्टर नाही. पंखा हाताने फिरवायचा.

आराखडे घरी आले, त्या दिवशी मामी म्हणाली, "बांधा हो. पण उडवायची वेळ येईल तेव्हा आधी मला विचारायचं." मामा 'बरं' म्हणाला. हे 'बरं' आठ वर्षांनी अवघड जाणार होते.

तुमच्यापैकी अनेकांना वाटेल, विमान म्हणजे इंजिन. मलाही वाटत असे. प्रत्यक्षात इंजिन तयार मिळते. वेळ जातो लाकडात. पंखाच्या तीस-एक फासळ्या असतात. पाव इंच जाड आणि अर्धा इंच रुंद पट्ट्या वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायच्या, त्यांना आतून आधाराच्या काड्या जोडायच्या आणि प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंनी पातळ प्लायवूडचे तुकडे चिकटवायचे. गोंद वाळेपर्यंत साचा अडकलेला, म्हणून एका दिवसात एकच फासळी. फासळी हातात घेतली तर पतंगाची कामटी धरल्यासारखी हलकी. अशा फासळ्या गॅरेजच्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या असत आणि दोन मोटारी बाहेर बर्फात उभ्या असत. सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना मामी जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखे नाही.

लाकूड म्हणजे सिटका स्प्रूस. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अलास्कापर्यंत वाढते. वजनाच्या मानाने त्याची ताकद फार, म्हणून विमानाच्या सुरुवातीच्या काळापासून त्याला मान आहे. पण झाड योग्य असले म्हणून प्रत्येक फळी योग्य नसते. लाकडाची रेघ फळीच्या लांबीला जवळजवळ समांतर हवी, पंधरा इंचांत एक इंचापेक्षा जास्त तिरकी गेली तर ती फळी विमानाच्या कामाची नाही. वाढीच्या कड्या एका इंचात किमान सहा हव्यात. मामा फळ्यांच्या कडा भिंगाखाली धरून मोजत बसायचा आणि मी वहीत आकडे लिहायचे.

पंखाचा सगळा भार फासळ्यांच्या आतून जाणाऱ्या दोन लांब तुळयांवर असतो. त्यांना स्पार म्हणतात. आमच्या एका स्पारच्या फळीचे आकडे उत्तम होते. रंधून, मापात आणून ती तयार झाली. विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे अनुभवी स्वयंसेवक विनामूल्य घरी येऊन काम तपासतात. तसे एक आजोबा आले, त्यांनी दिवे मालवायला सांगितले आणि विजेरी फळीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. मधोमध, रेघांना आडवी, केसाएवढी एक सुरकुती दिसली. उभे झाड वादळात फार वाकले, किंवा तोडताना वाईट पडले, की आतल्या बाजूचे तंतू चेंगरतात. त्याची ती खूण. फळी वरून धडधाकट दिसते, पण भार आला की खडूसारखी तुटते. मामाने आजोबांना चहा दिला, त्यांना दारापर्यंत सोडले, परत येऊन करवत घेतली आणि फळी सुरकुतीवरच कापली. मी म्हटले, अरे, बाजूला ठेवली असतीस. तो म्हणाला, "बाजूला ठेवलेली वस्तू एखाद्या दमलेल्या दिवशी परत हातात येते." विक्रेत्याने फळी बदलून दिली नाही. चांगल्या अर्ध्या भागाचा मामीने देवघरातला पाट करून घेतला.

या सगळ्यात मला सर्वांत शिकवून गेला तो गोंद. लाकडी विमानात खिळे-स्क्रू नावापुरते, विमान धरून ठेवतो तो गोंद. जुन्या काळी दुधातल्या केसीनपासून केलेला गोंद वापरत. ओल लागली की तो कमजोर पडे, त्याला बुरशी धरे. हल्ली दोन भाग समप्रमाणात मिसळायचा इपॉक्सी वापरतात. पंचाईत अशी की सांधा एकदा चिकटला की आत काय झाले ते दिसत नाही. गोंद नीट मिसळला होता का, थंडीने अर्धवट तर राहिला नाही, लाकडावर धूळ होती का, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही.

त्यावरचा उपाय जुना आहे. दर वेळी गोंद कालवला की त्याच लाकडाचे दोन छोटे तुकडे त्याच गोंदाने चिकटवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी, गोंद पुरता वाळला की, बेंचवाइसमध्ये धरून हातोडीने मोडायचे. लाकूड फाटले आणि सांधा तसाच राहिला, तर त्या दिवशीचे काम पास. सांधा उघडून गोंदाचा चकचकीत थर दिसला, तर नापास. मग त्या दिवशी विमानात चिकटवलेले सगळे उखडायचे. मामाने असा एकही दिवस सोडला नाही. फक्त दोन काड्या चिकटवायच्या असल्या तरी नमुना व्हायचाच. मोडलेला प्रत्येक तुकडा तारीख घालून बुटांच्या खोक्यात जायचा. मला हे अती वाटायचे. आणि रविवारी सकाळी पोहे व्हायच्या आधी हातोडीचा आवाज मामीला त्याहून अती वाटायचा.

दरम्यान बडोद्याहून फोन यायचे. आजीला विमान म्हणजे मुलाचे खेळणे वाटे. एका काकांनी मात्र मुंबईच्या अमोल यादवांच्या बातम्यांची कात्रणे जपून ठेवली होती. यादव हे व्यवसायाने वैमानिक. त्यांनी कांदिवलीतल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, ते २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवले, आणि पाठपुरावा करकरून २०१७ मध्ये त्याची नोंदणी मिळवली. गच्चीवरून विमान खाली उतरवायचे कसे, हा प्रश्नच माझ्या छातीत धडकी भरवतो. मामा म्हणायचा, आपल्याला सगळी व्यवस्था तयार मिळाली, विचारायला माणसे मिळाली. त्या माणसाने व्यवस्थेशीही झगडा दिला आणि विमानही बांधले.

सांगाडा पूर्ण झाल्यावर त्याला कापड चढवायचे. पूर्वी सुती किंवा लिननचे असे, आता पॉलिएस्टरचे असते. ते कडांना चिकटवून वरून इस्त्री फिरवली की आकसून ढोलकीच्या पुडीसारखे ताणले जाते. इस्त्री मामीची, आणि तापमान मोजायला थर्मामीटर. नंतर कापड प्रत्येक फासळीला शिवायचे, म्हणजे हवेच्या ओढीने ते पंखावरून सुटत नाही. पंख उभा करून एकाने या बाजूला, दुसऱ्याने त्या बाजूला उभे राहायचे. हातभर लांब सुई आरपार घालायची, पलीकडच्याने ती फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायची, आणि मेणाच्या दोऱ्याची ठरलेली गाठ मारायची. माझ्या गाठी सैल पडत होत्या. मामी थोडा वेळ दारात उभी राहून बघत होती. मग पदर खोचल्यासारखी तिने स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "सरक. गोधड्या शिवल्यात मी." डावा पंख बहुतेक तिचाच आहे.

तपासनीस आला, दिवसभर बघत राहिला, वही चाळली, आणि गुलाबी कागद देऊन गेला. वहीत २,१४० तासांची नोंद होती. विमान जवळच्या गवती धावपट्टीवरच्या हँगरमध्ये गेले. बसायच्या जागेजवळ नियमाप्रमाणे 'एक्स्पेरिमेंटल' असे ठळक लिहिलेले, आणि प्रवाशाच्या समोर एक पाटी: हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही, अशा अर्थाची. मामीने ती पाटी दोनदा वाचली आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसली.

मामाने तिला विचारले. तिने उत्तर दिले नाही. पाच आठवडे विमान हँगरमध्ये उभे राहिले. हवा उत्तम होती. मामाने सरावासाठी दुसऱ्या एकाच्या पिटनपोलमधून तास केले होते, परवाना होता, सगळे होते. पण शब्द दिला होता, आणि त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. घरात दोघे हवापाण्याविषयीसुद्धा जपून बोलत होते.

मग एका रात्री जेवणे झाल्यावर मामी गॅरेजातून ती बुटांची खोकी घेऊन आली. सगळी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि एकेक तुकडा बघायला लागली. ४३७ तुकडे होते. मी आणि मामा समोर गप्प बसलो होतो. प्रत्येक तुकड्यात लाकूड फाटलेले आणि सांधा शाबूत. ती ते एका बाजूला ठेवत गेली. तीन तुकडे तिने वेगळे काढले. त्यांचा गोंद उघडा पडला होता.

"हे?"

मामाने वही आणली. पहिला तुकडा जानेवारीतला, रात्री हीटर बंद पडला होता तेव्हाचा. दुसऱ्यात गोंदाचे प्रमाण चुकले होते. तिसऱ्याचे कारण कळलेच नव्हते, तेही तसेच लिहिले होते. तिन्ही तारखांपुढे काय काय उखडले, कधी पुन्हा केले आणि नव्या नमुन्याचा निकाल काय, याची नोंद होती. मामीने तीन नव्या नमुन्यांच्या तारखा ढिगातून शोधून काढल्या आणि लाकूड फाटले आहे का ते दिव्याखाली धरून पाहिले. मग वर्तमानपत्र गोळा करता करता म्हणाली, "शनिवारी वारा नाहीये म्हणतात."

त्या शनिवारी ती धावपट्टीवर आली, पण विमानाकडे पाठ करून मोटारीला टेकून उभी राहिली. मामा एकटाच, बावीस मिनिटे वर होता. विमान दिसेनासे झाल्यावरही त्या इंजिनाची फटफट ऐकू येत होती, आणि मी बघत होते की ती थांबली नाही तोवर मामीने मोटारीच्या दाराची मूठ सोडली नाही.

उतरला म्हणजे संपले असे नसते. नव्या विमानाने ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेले तास चाचणीची उड्डाणे करायची. आमच्या विमानाला ४० तास मिळाले. तोवर प्रवासी घ्यायचा नाही. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात उघड्या विमानात बसणे म्हणजे शिक्षा, त्यामुळे तास सावकाश भरतात. मी परत बडोद्याला आले तेव्हा एकोणीस झाले होते, परवाच्या फोनवर एकतीस. दर जुलैमध्ये तिथल्या ब्रॉडहेड गावी पिटनपोलवाल्यांचा मेळा भरतो, गवतात विमाने उभी करून लोक एकमेकांचे सांधे बघत फिरतात. मामाला यंदा तिकडे विमान घेऊन जायचे आहे, पुढच्या जागेवर मामीला बसवून.

त्यासाठी वजनाचा हिशेब करावा लागतो. कोणत्या जागेवर किती वजन, इंधन किती, त्यावरून तोल कुठे येतो ते कागदावर मांडायचे. मामाने मामीला वजन विचारले. तिने सांगितले. मामाने आकडा लिहून घेतला, पेन खाली ठेवले आणि न्हाणीघरातला वजनकाटा आणायला गेला.