ठिपके, रेघा आणि उसातला बिबट्या

जुन्नर तालुक्यातल्या आळेफाट्याच्या चौकात पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. नकाशावर तो फक्त एक ठिपका आणि त्यातून फुटलेल्या 4 रेघा. एवढ्याच भांडवलावर गणिताची एक आख्खी शाखा उभी आहे: आलेख सिद्धांत, म्हणजेच ग्राफ थिअरी. 1736 मध्ये लिओनार्ड ऑयलरने क्योनिग्सबर्ग शहरातले 7 पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल का, हे कोडं सोडवलं, तेव्हा पुलांची लांबी-रुंदी त्याने विचारातच घेतली नाही. कोण कोणाला जोडलंय, एवढंच पाहिलं.

आता चौकातून उसाच्या फडाकडे वळा. ठिपका म्हणजे जीव आणि रेघ म्हणजे कोण कोणाला खातं. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या फडात बिबट्याच्या माद्या पिल्लं घालू लागल्या. मग त्यांचं पोट कशावर भरतं? शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी विष्ठेतून बिबट्याचा आहार शोधला. वजनाच्या हिशेबाने 87 टक्के पाळीव प्राणी निघाले, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के! शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा जेमतेम 11 टक्के. कुत्री जगतात उकिरड्यावर. म्हणजे आपण फेकलेल्या शिळ्या अन्नापासून बिबट्यापर्यंत अवघ्या दोन रेघा!

जुन्नर भागात बिबटे पकडून दूर जंगलात सोडण्याची मोठी मोहीम 2001 मध्ये सुरू झाली. माणसांवरचे हल्ले त्याआधी वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले. ठिपके उचलले, पण ऊस, उकिरडा आणि कुत्री यांना जोडणाऱ्या रेघा जागच्या जागी राहिल्या.

ठिपक्या-रेघांच्या या अन्नजाळ्यातला कोणता जीव गेला तर सर्वाधिक पडझड होईल? 2009 मध्ये स्टेफानो अलेसिना आणि मर्सिडीज पास्कुआल यांनी त्यासाठी गूगल ज्या गणिताने वेबपानांचा क्रम लावतं, तेच वापरलं. अडचण एकच होती: अन्नाच्या रेघा वरच्या भक्षकापाशी संपतात. त्यांनी प्रत्येक जीवापासून एक रेघ मातीकडे ओढली, कारण मरून सगळेच तिथे जातात. जाळं पूर्ण झालं आणि गणित सुटलं. फडात कुजणारं पाचटही याच रेघेने मातीला मिळतं.

आपल्या हातातली रेघ मात्र उकिरड्याची आहे. वस्तीजवळ उघड्यावर खरकटं टाकू नका आणि शेळ्या रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवा.