मतदानयंत्र आणि आपला भरवसा

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "काका, तुम्ही इलेक्शन ड्युटी करता. खरं सांगा, मशीनमध्ये काही करता येतं का?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. दोन वाक्यांत उरकण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून स्मरणिकेच्या संपादकांकडे थोडी जागा मागून घेतली.

मी अभियंता नाही. बी.ए. करून बँकेच्या काऊंटरला चिकटलेला कारकून आहे. पण बँकेतल्या माणसाला भरवशाचा व्यवहार रोज करावा लागतो. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. मॅनेजर कितीही सज्जन असला तरी दोन्ही किल्ल्या त्याच्याकडे देत नाहीत, आणि त्याला त्याचा अपमानही वाटत नाही. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. मतदानयंत्राचा विचार मी याच सवयीने करतो.

यंत्राचे भाग तीन. मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट, अधिकाऱ्याच्या टेबलावर असते ते कंट्रोल युनिट, आणि चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या ही यंत्रे बनवतात. भारतात यंत्रावर पहिले मतदान १९८२ साली केरळमधील परावूर मतदारसंघात ५० केंद्रांवर झाले. कायद्यात यंत्राची तरतूद नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते रद्द ठरवून तेथे पुन्हा कागदावर मतदान घ्यायला लावले. १९८८ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २००४ ची लोकसभा संपूर्ण देशात यंत्रावर झाली. २००९ नंतर यंत्रावर शंका घेणारे कोण होते आणि आज कोण आहेत, हे वाचकांनी जुनी वर्तमानपत्रे काढून पाहावे. पक्षांची जागा बदललेली दिसेल.

कागद परत आणा, अशी मागणी आता होते. आपल्या वाचकांना येथे १९५२ ची आठवण करून दिली पाहिजे. त्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई उत्तर या द्विसदस्य मतदारसंघातून राखीव जागेवर उभे होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. मतदाराला दोन मते होती आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची होती. दोन्ही कागद एकाच पेटीत पडले की त्यातला एक बाद. नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली. फरक १४,५६१ मतांचा, आणि बाद मतपत्रिका ७४,३३३! बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून त्या निवडणुकीविरुद्ध दाद मागितली, पण ती फेटाळली गेली. त्या ७४ हजार कागदांमागे माणसे होती, रांगेत उभी राहिलेली. तेव्हा कागद म्हणजे आपोआप न्याय, असे आपल्या समाजाने तरी समजू नये. यंत्रात मत बाद होत नाही, ही गरीब आणि कमी शिकलेल्या मतदारासाठी लहान गोष्ट नाही.

पण कागदाची एक गोष्ट यंत्राने नेली. कागद मोजताना समोर बसलेल्या अडाणी माणसालाही दिसत होता. यंत्रात आकडा येतो, मोजणे दिसत नाही.

२३ एप्रिल २०१९ रोजी सातारा आणि सांगली दोन्हीकडे लोकसभेचे मतदान होते. मी मतदान अधिकारी क्रमांक तीन होतो, म्हणजे कंट्रोल युनिट माझ्यापुढे. दुपारी एक आजी मत देऊन बाहेर न जाता माझ्या टेबलाशी आल्या. "लेकरा, पीं वाजलं म्हंजी मत पडलं न्हवं?" मी म्हणालो, "व्हय आजी, पडलं." त्यावर त्या म्हणाल्या, "पर कुणाला पडलं?" काचेत चिठ्ठी दिसते, हे सकाळपासून आम्ही सांगत होतो, पण ती फक्त सात सेकंद दिसते आणि खाली पडते. आजींची नजर तोवर तिथे पोचली नव्हती. माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि मत पुन्हा द्यायला देता येत नाही. त्या गेल्या. त्यांचा प्रश्न मात्र पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा नेमका होता असे मला आजही वाटते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सातारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. कोरेगाव मतदारसंघातील नवलेवाडी येथे, कोणतेही बटण दाबले तरी मत एकाच चिन्हाला जाते, अशी तक्रार गावकऱ्यांनी केली. प्रशासनाने ती नाकारली. ज्या पक्षाला मते जातात असे म्हटले गेले त्याचा उमेदवार ८७ हजारांवर मतांनी पडला. म्हणून तक्रार खोटी ठरते का? नाही. खरीही ठरत नाही. निकालावरून यंत्राची परीक्षा होत नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे.

२०२४ च्या विधानसभेनंतर कराड तालुक्यातील कोळेवाडीच्या ग्रामसभेने मतपत्रिकेवर मतदान व्हावे असा ठराव केला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीने त्याहून पुढे जाऊन ३ डिसेंबर २०२४ ला गावात कागदावर फेरमतदान घ्यायचे ठरवले. गावात यंत्राने १,००३ आणि ८४३ असे आकडे दिले होते आणि ते लोकांना पटत नव्हते. गंमत अशी की, त्यांचा ८४३ वाला उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता! प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झाले नाही, उलट गुन्हे दाखल झाले. अशा मतदानाला कायद्यात जागा नाही हे मान्य. पण खातेदार पासबुक घेऊन आला आणि बाकी जुळत नाही म्हणाला, तर आम्ही त्याला खाते उघडून दाखवतो. पोलीस बोलावत नाही.

आता, खाते उघडून दाखवण्याची सोय आज किती आहे ते पाहू. मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते. मतदान संपल्यावर नमुना १७ सी मध्ये एकूण मते लिहून त्याची प्रत केंद्रावरच प्रतिनिधीला देतात. हा आकडा मोजणीच्या दिवशी यंत्राशी जुळलाच पाहिजे. चिठ्ठी चुकीची आली तर मतदाराला तिथेच, नियम ४९ एमए प्रमाणे, लेखी देऊन चाचणी मत देता येते. मात्र तक्रार खोटी निघाली तर शिक्षा आहे, त्यामुळे सामान्य माणूस कचरतो. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. महाराष्ट्रात २०२४ ला २८८ क्षेत्रांत अशा १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि कुठेही तफावत आली नाही, असे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, ५ टक्के यंत्रे तपासून घेण्याची वाट दिली. ही तपासणी करताना यंत्रातील मतांची नोंद पुसू नका, असे न्यायालयाला फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगावे लागले. आमच्याकडे ऑडिटरसमोर जुने लेजर कोरे करून ठेवले तर नोकरी जाईल.

यंत्राबाहेरच्या चुकीकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात "तुतारी वाजवणारा माणूस" हे एका पक्षाचे चिन्ह होते, आणि एका अपक्षाच्या पिपाणीपुढेही मराठीत तुतारी हेच नाव होते. त्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. निकालाचा फरक ३२,७७१ चा होता. ती सगळी मते चुकूनच पडली असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण यंत्राने प्रत्येक बोट अचूक नोंदवले तरी मतदाराच्या मनातले मत वेगळे असू शकते, हे त्या आकड्यांपुढे बसून नाकारता येत नाही.

विद्यार्थ्याला मी हे सगळे सांगितले. अठरा पूर्ण झाले की कोणत्या तरी उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बस, पहाटे अभिरूप मतदानाला हजर राहा, संध्याकाळी १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय उठू नकोस, असेही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला.

"आणि काका, डिसेंबरात नगरपालिकेला?"

२ डिसेंबर २०२५ ला साताऱ्यात नगरपालिकेचे मतदान झाले. दुसऱ्या दिवशी होणारी मोजणी उच्च न्यायालयाच्या आदेशाने २१ तारखेवर गेली आणि यंत्रे तेवढे दिवस स्ट्राँग रूममध्ये राहिली. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्याच्या यंत्रांना व्हीव्हीपॅट नव्हते. म्हणजे आजींना दाखवायला काचेतली चिठ्ठीसुद्धा नव्हती. हे मी त्याला सांगितले, आणि आपल्या संस्थेने आयोगाला याबाबत पत्र पाठवावे अशी विनंती कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे.