घोंगडीतली ठिणगी आणि आभाळातली वीज

थंडीच्या दिवसांत अंधारात घोंगडी झटकली की बारीक ठिणग्या उडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ही घर्षणाने साठलेली स्थिर वीज. गेल्या जानेवारीत एका गावच्या शाळेत ती मुलांना मोजून दाखवली.

सामान घरचेच. प्लॅस्टिकचा जाड तुकडा, कोरडी घोंगडी आणि स्टीलची ताटली. ताटलीला मूठ म्हणून मधोमध पीव्हीसी पाइपचा तुकडा चिकटवला. प्लॅस्टिक घोंगडीने चांगले घासायचे, वर ताटली ठेवायची, तिला क्षणभर बोट लावायचे आणि मुठीला धरून उचलायची. आता बोट जवळ न्या, चट्‌दिशी ठिणगी पडते. दमट हवेत मात्र हा प्रयोग फसतो.

वायरमनचा मीटर इथे चालत नाही. तो लावताच एवढीशी वीज त्यातूनच निघून जाते. म्हणून ठिणगीची लांबी मोजायची. कोरड्या हवेत एका मिलिमीटरला अंदाजे ३ हजार व्होल्ट लागतात. आमची ठिणगी ५ मिलिमीटरची, म्हणजे सुमारे १५ हजार व्होल्ट!

एका पोराने लगेच विचारले, "सर, मोटारीचे ४४० व्होल्ट माणूस मारतात, मग आपण जिवंत कसे?"

प्रश्न लाखमोलाचा. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची समजा. ताटलीची टाकी उंच, पण आत पाणी थेंबभर, क्षणात संपते. मोटारीची टाकी बुटकी, पण मागे अख्खे धरण. म्हणून स्टार्टरला ओला हात लावायचा नाही.

आभाळातली वीज ही त्याच ठिणगीची थोरली बहीण. तिच्याकडे उंचीही आहे आणि पाणीही: कोट्यवधी व्होल्ट आणि साधारण ३० हजार अँपिअर.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजा. तिसाच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम टाकून पक्के घर गाठा. झाडाखाली थांबू नका, तारेच्या कुंपणाला हात लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' अॅप मोबाइलवर घ्या.

ग्रामसेवक व गुरुजींनी हा प्रयोग उन्हाळ्याआधीच शाळेत करून घ्यावा. पोरे घरी जाऊन सांगतील, ते आमच्या भाषणापेक्षा लवकर पटेल.