दणकट पायांचा टाइप: क्लॅरेंडन

ओळीतला एखादा शब्द उठून दिसावा म्हणून आज आपण तो सहज ठळक करतो. १८४५ पूर्वीच्या लंडनमधल्या जुळाऱ्याला त्यासाठी तिरप्या टाइपाचा किंवा लहान कॅपिटल अक्षरांचा आसरा घ्यावा लागे. जाहिरातींचे जाडजूड टाइप होते, पण ते साध्या मजकुराच्या ओळीत घातले की सगळी ओळच झाकोळून जाई. त्या वर्षी रॉबर्ट बेझली यांच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने क्लॅरेंडन आणला. त्याचे पंच, म्हणजे अक्षरांचे पोलादी ठसे, कापले होते बेंजामिन फॉक्स यांनी. शब्दकोशात मूळ शब्द ठळक आणि अर्थ साधा, ही मांडणी या टाइपाने सोपी केली.

सेरिफ म्हणजे अक्षराच्या दांड्याच्या टोकाची आडवी पट्टी. जाड पट्ट्यांचे टाइप त्याआधी तीसेक वर्षं लंडनमध्ये मिळत होते. व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या टाइपात ही पट्टी दांड्याला थेट काटकोनात भिडते. क्लॅरेंडनमध्ये मात्र घडीव खांब जोत्याला मिळावा तशी ती हलक्या वळणाने मिळते. माझ्या मते सगळी किमया या वळणात आहे. त्यामुळे अक्षर भक्कम राहतं, पण अंगावर येत नाही. शिवाय लहान ‘ए’, ‘सी’, ‘आर’ यांच्या टोकांना टपोरे थेंब आहेत आणि मोठ्या ‘आर’चा पाय शेवटी वर वळतो. एवढ्या वजनदार टाइपात ही नजाकत सांभाळणं हे फॉक्स यांच्या हाताचं मोठेपण.

बेझलींनी डिझाइनांच्या संरक्षणाच्या १८४२च्या कायद्याखाली क्लॅरेंडनची नोंदणी केली, पण संरक्षण तीनच वर्षांचं होतं. मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी नकला बाजारात आणल्या. बेझली पुढे, १८६९मध्ये, लंडनचे लॉर्ड मेयर झाले.

अमेरिकेत या घराण्याने लाकडाचं अंग धरलं. पोस्टरच्या आकाराचे शिशाचे खिळे जड आणि महाग पडत. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी क्लॅरेंडनच्याही आधी, १८२७मध्ये, यंत्राने लाकडी अक्षरं कोरायला सुरुवात केली. १८३४मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्याला पँटोग्राफची जोड दिली. मग एकाच नमुन्यावरून अक्षर हवं तेवढं लहानमोठं करता येऊ लागलं. मेपलच्या आडव्या कापाच्या, म्हणजे खोडाच्या टोकाकडच्या कठीण पृष्ठभागावर ही अक्षरं कोरत. सर्कशीच्या पोस्टरांवर दिसणारा ‘फ्रेंच क्लॅरेंडन’ यानंतरच्या काळातला. त्यात उभे दांडे अरुंद आणि वरखालच्या पट्ट्या त्यांच्याहून जाड, म्हणजे नेहमीच्या अक्षराच्या नेमकं उलट. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावी जे. एडवर्ड हॅमिल्टन यांनी १८८०मध्ये लाकडी टाइपाचा धंदा सुरू केला. तिथे आता त्याचं संग्रहालय आहे.

विसाव्या शतकात क्लॅरेंडन पुन्हा घडवला गेला: १९५३मध्ये स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीसाठी हेरमान आयडेनबेन्त्स यांच्याकडून, १९५५मध्ये अमेरिकेत फ्रीमन क्रॉ यांच्याकडून. सोनीच्या नावाची अक्षरं याच वळणाची आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतल्या रस्त्यांवरच्या पाट्यांनाही अनेक वर्षं क्लॅरेंडनच होता.

सलग मजकुराला हा टाइप लावू नये. दोन पानांत डोळा थकतो. दुकानाची पाटी, बाटलीवरचं लेबल, पुस्तकाचा कणा, किमतीचे आकडे ही त्याची खरी जागा. खरबरीत कागदावर शाई पसरली तरी त्याच्या पट्ट्या टिकतात. लहान आकारात अक्षरांमधली जागा किंचित वाढवावी, नाहीतर शेजारच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात.