पीएच.डी.ची वाढीव मुदत: सूट वेळेची, परीक्षेची नव्हे

पारनेरसारख्या तालुक्यातल्या मुलीने लग्नानंतर पुणे विद्यापीठाची पीएच.डी. धरली, मध्येच बाळंतपण आले आणि मुदत वाढवून मिळाली, की गावात कुणीतरी म्हणतेच, "बायकांना सवलतीत पदवी मिळते." समज सार्वत्रिक आहे, पण चुकीचा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत 6 वर्षे. पुनर्नोंदणी (नाव पुन्हा नोंदवणे) करून आणखी 2. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर 2 वर्षे मिळू शकतात. शिवाय महिलांना संपूर्ण काळात मिळून 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते.

सामाईक विहिरीवर भावाभावांत पाण्याची पाळी असते. आपल्या पाळीत वीज गेली तर तेवढे तास पुढे धरून मिळतात. पाणी जादा मिळत नाही, गेलेली वेळ भरून निघते. इथेही तसेच.

प्रबंध (संशोधनाचा अंतिम लेखी अहवाल) मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. नंतर मौखिकी (तोंडी परीक्षा) असते. त्यात बाईमाणूस म्हणून कसलीही सूट मिळत नाही.

एक उणीव मात्र खरी. या नियमांतली बालसंगोपन रजा बापाला नाही, म्हणजे मूल सांभाळणे आईचेच काम, हे नियमानेच गृहीत धरले आहे. आणि मुदत वाढली म्हणून फेलोशिप (संशोधनकाळातले विद्यावेतन) वाढतेच असे नाही. ती देणाऱ्या संस्थेचे नियम वेगळे असतात, ते रजेचा अर्ज करण्यापूर्वीच पाहून घ्यावेत.