इंटरनेटवाचून लिनक्स : पेन ड्राइव्हची खेप

बनशंकरी हे नाव मराठी माणसाला परके नाही. बदामीची बनशंकरी ही महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांची कुलदेवता. बंगळूरच्या दक्षिण भागात १९१५ साली तिचे मंदिर उभे राहिले आणि भोवतालची वस्ती त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. आज या वस्तीत अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत आणि वेगवान इंटरनेट घरोघरी पोहोचले आहे. समजा, येथे शिकणाऱ्या निपाणीकडच्या एका विद्यार्थ्याने आपल्या गावच्या शाळेसाठी 'जीकॉम्प्रि' हा लहान मुलांचा शैक्षणिक सॉफ्टवेअर-संच न्यायचे ठरवले. या फ्रेंच नावाचा ध्वनी 'मला समजले' असा आहे. शाळेच्या संगणकावर डेबियन लिनक्स आहे, इंटरनेट मात्र नाही. म्हणून पॅकेज पेन ड्राइव्हवर घेतले गेले. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ते निर्वेध चालले. शाळेत मात्र काही केल्या बसेना. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर लिनक्सच्या रचनेत आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियनचा आरंभ केला, तेव्हापासून तेथे सॉफ्टवेअर सुट्या पॅकेजांच्या रूपाने वाटले जाते. पॅकेज स्वयंपूर्ण नसते. जे काम दुसऱ्या पॅकेजाने आधीच करून ठेवले आहे, ते त्याच्याकडूनच घ्यावे, अशी रीत आहे. चित्रे व खिडक्या दाखवण्यासाठी जीकॉम्प्रि 'क्यूटी' नावाच्या ग्रंथालयांवर विसंबते. ती ग्रंथालये आणखी इतरांवर. इंटरनेट असले की 'एपीटी' हा व्यवस्थापक ही सारी मंडळी न सांगता गोळा करतो. पेन ड्राइव्हवर मात्र जेवढे ठेवले तेवढेच पोहोचते.

तेव्हा दोष शोधताना क्रम सोडू नये. प्रथम पेन ड्राइव्ह पाहावा. नक्कल पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसले, तरी काही मजकूर संगणकाच्या स्मृतीतच रेंगाळत असतो. रीतसर 'बाहेर काढा' न म्हणता ड्राइव्ह उपटला, तर फाइल अर्धवट राहते. मूळ फाइलीचा आणि नकलेचा 'शा-२५६' हा पडताळा-अंक जुळवला की ही शंका फिटते. दुसरे, जात जुळते का ते पाहावे. ६४ बिटांसाठी बांधलेले पॅकेज ३२ बिटांच्या व्यवस्थेवर सहसा बसत नाही, आणि शाळांतून जुनी यंत्रे पुष्कळ असतात. तिसरे, आवृत्ती. २०२५ साली आलेल्या डेबियन १३ चे पॅकेज २०२३ सालच्या डेबियन १२ वर घातले, तर ते अधिक नव्या ग्रंथालयांची मागणी करील. संगणकाच्या तक्रारींपैकी पहिली ओळ नीट वाचावी. पुढच्या दहा ओळी बहुधा तिचेच प्रतिध्वनी असतात.

हे सारे जुळूनही काम अडले, तर चूक यादीत असते. वाणसामानाची यादी आपल्या घरचे डबे पाहून करायची असते, शेजारणीचे डबे पाहून नव्हे. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर क्यूटी आधीच होते. म्हणून व्यवस्थापकाने ते पुन्हा उतरवले नाही. शाळेचा डबा रिकामा होता, हे बनशंकरीत कळावे कसे?

ही अडचण ओळखूनच रितेश राज सर्राफ या भारतीय विकासकाने 'एपीटी-ऑफलाइन' हे साधन रचले. यात पेन ड्राइव्हचा प्रवास शाळेपासून सुरू होतो. शाळेचा संगणक आपल्याजवळ काय नाही, याची यादी एका छोट्या फाइलीत लिहून देतो. ती फाइल इंटरनेट असलेल्या कोणत्याही यंत्रावर, विंडोजवरसुद्धा, नेता येते. तेथे यादीबरहुकूम पॅकेजे उतरतात आणि शाळेत परतून व्यवस्थापकाच्या कोठारात जमा होतात. शाळेतील पॅकेज-सूची जुनी असेल, तर पहिली खेप ती ताजी करण्यासाठीच खर्ची पडते. खेपा वाढतात, पण एकही वाया जात नाही.

शेवटची अडचण विश्वासाची. डेबियनच्या कोठारातील सूचीवर सांकेतिक सही असते आणि त्या सूचीत प्रत्येक पॅकेजचा पडताळा-अंक नोंदलेला असतो. ही साखळी तपासूनच एपीटी पुढे जाते. संगणकाच्या घड्याळाची बॅटरी संपून तारीख काही वर्षे मागे गेली, तर खरी सहीदेखील 'अद्याप लागू नाही' म्हणून नाकारली जाते. गाऱ्हाणे सहीचे, दोष घड्याळाचा. अशा वेळी त्रासून तपासणीच बंद करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पॅकेज बसताना त्यातील आज्ञा संगणकाच्या सर्वाधिकारानिशी चालतात. सुटे पॅकेज 'डीपीकेजी'ने थेट बसवले, तर सामान्यतः सही तपासली जात नाही. अनोळखी हाताने आलेले पॅकेज असे आत घेणे म्हणजे घराच्या किल्ल्या वाटसरूच्या हाती देणे होय. घड्याळ लावायला एक मिनिट पुरते. बिघडलेला संगणक मात्र शाळेला कित्येक दिवस मुकावा लागतो.

इंटरनेट नाही म्हणून एखादी शाळा नव्या सॉफ्टवेअरला वंचित राहावी, असे लिनक्सच्या रचनेत काहीच नाही. साहाय्य करणाऱ्याने आपल्याजवळ काय आहे, यापेक्षा घेणाऱ्याजवळ काय नाही, हे आधी विचारले पाहिजे. आणि ते त्याच्याच यंत्राकडून लिहून घेतले पाहिजे.