वाईट बातमीला जावक क्रमांक

महाराष्ट्र सरकारने मार्च २०२५ मध्ये शासन निर्णय काढला. माध्यमांवर लक्ष ठेवणारं केंद्र, सकाळी ८ ते रात्री १०, खर्च १० कोटी. शासनाविषयीच्या बातम्या गोळा करायच्या, सकारात्मक-नकारात्मक अशी विभागणी करायची, दिशाभूल करणारी दिसली तर लगोलग खुलासा. १० कोटींचं विशेष नवल वाटलं नाही. पण बातम्यांच्या अशा दोन राशी घालणारा माणूस सकाळी टेबलावर बसून नेमकं काय करतो, ते पाहावंसं वाटलं. वर्ध्याच्या एका कार्यालयात, नावं लिहायची नाहीत या अटीवर, बसायला मिळालं.

कात्रणं काढणारे काका निवृत्तीला आलेले. नागपूरहून रात्री निघालेले पेपर उजाडता उजाडता वर्ध्यात येतात, सातला गठ्ठा त्यांच्यापुढे असतो. लाल पेन, कात्री, स्टीलची पट्टी, डिंकाची बाटली. खुणा करायच्या, कापायचं, कोऱ्या कागदावर चिकटवून वर पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक. मग मोबाईलवर फोटो, त्याची पीडीएफ, आणि नऊच्या आत साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. खरं तर आता फोटो पुरतो, कात्रीची गरज नाही. काका तरी कापतात. पानाच्या दोन्ही बाजूंना कामाची बातमी निघाली तर? तेवढ्यासाठी प्रत्येक पेपरच्या दोन प्रती घेतात.

माझी समजूत अशी, की नकारात्मक रास दडपायची असते. काकांनी ती पहिल्याच दिवशी मोडीत काढली.

"ताई, चांगल्या बातमीले कोनी विचारत नाही. जावक नंबर भेटते तो वाईट बातमीलेच."

उद्घाटनाची, सत्काराची कात्रणं सरळ फायलीत जातात. बंद हातपंपाच्या बातमीवर मात्र शिक्का बसतो, क्रमांक पडतो आणि ती संबंधित विभागाकडे ‘वस्तुस्थिती कळवावी’ म्हणून रवाना होते. कधी हातपंप दुरुस्त होतो. कधी नुसता खुलासा येतो, तो पेपरात छापून येतो, आणि काका तोच खुलासा कापून सकारात्मक राशीत ठेवतात. हे सांगताना ते हसले नाहीत. मला हसू आवरलं नाही.

त्यांचा हात अडला तो एकाच ठिकाणी. आतल्या पानावर दोन बोटं उंचीची बातमी होती, शेतकऱ्याच्या आत्महत्येची. वर्धा विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक, तेव्हा अशी बातमी इथे कुणाला अनोळखी नाही. काकांनी ती अगदी कडेकडेने कापली, चिकटवली, आणि दोन्ही राशी सोडून तिसरीकडे ठेवली.

"याले कोनता शिक्का?"

"याले नाही मारत मी. हे सरळ महसूलकडे."

शासन निर्णयात या तिसऱ्या राशीची सोय मला दिसली नाही. १० कोटींची यंत्रणा हे कात्रण कोणत्या रकान्यात टाकेल, हा प्रश्न घेऊन मी पुढच्या सकाळीही त्याच टेबलापाशी बसले. तशी बातमी त्या दिवशीही होती.

पेपरांवर सरकारची नजर असणं या जिल्ह्याला नवं नाही. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्याचा वृत्तांत दिल्लीच्या मुख्य प्रेस सल्लागाराला दाखवल्याशिवाय छापू नये, अशी सूचना गांधीजींच्या ‘हरिजन’ला आली. दाखवून छापण्यापेक्षा न छापलेलं बरं म्हणून गांधीजींनी साप्ताहिकंच थांबवली, आणि लोकांना सांगितलं की आता प्रत्येकाने स्वतःच चालतं-बोलतं वृत्तपत्र व्हावं. ‘हरिजन’ पुन्हा निघालं ते जानेवारी १९४२ मध्ये. पुढे देश स्वतंत्र झाला, आणीबाणी आली. जून १९७६ मध्ये पवनार आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकाच्या प्रती पोलिसांनी उचलून नेल्या. गोहत्याबंदीसाठी विनोबा उपोषणाला बसणार, ही बातमी त्यात होती.

आता प्रती उचलायला कुणी येत नाही. तरी ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या २०२५ च्या वृत्तपत्रस्वातंत्र्य निर्देशांकात भारत १८० देशांत १५१ वा आहे. राजकारण, कायदा, समाज आणि पत्रकारांची सुरक्षितता यांच्या जोडीला तिथे पैशाचाही हिशेब होतो. गावच्या बातमीचं सगळं गणित या शेवटच्या मुद्द्यात आहे. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचे पैसे मिळाले तर नाममात्र, पोट चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. ज्याच्याबद्दल लिहायचं, वाढदिवसाची जाहिरात मागायला त्याच्याच दारात उभं राहायचं.

निवडणुकीत याचंच पेड न्यूज होतं. तेव्हा माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती बसते. संशय आला तर मजकूर छापून आल्यापासून ९६ तासांत उमेदवाराला नोटीस, उमेदवाराचं उत्तर ४८ तासांत. काकांची परीक्षा याहून सोपी: "तीन पेपरात एकच मजकूर, अन् शुद्धलेखनाची चूकही तीच." असल्या बातम्या त्यांना वासावरून कळतात. जे छापलंच गेलं नाही, त्याला कात्री कुठे लावणार?

परतताना बसस्थानकावर एक वार्ताहर भेटला. चहा होईपर्यंत त्याने मला एका वाळूघाटाची अख्खी बातमी ऐकवली. टिप्पर कुणाचे, किती वाजता निघतात, कोणत्या पुलावरून जातात, सगळं तोंडपाठ. पेपरात इतकी नेटकी बातमी मी बऱ्याच दिवसांत वाचली नव्हती.

"मग छापली काहून नाही?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"पंधरा ऑगस्टची जाहिरात त्याचीच राहते ना, ताई."